पुण्यातल्या जुन्या तिकिटांच्या दुकानातलं थिमय्या पाकीट

आधी खरेदीचं सांगतो. भारताचे एकेकाळचे लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांच्या कारकिर्दीवरचं टपाल तिकिटांचं एक तयार पाकीट पुण्याच्या पेठेतल्या एका जुन्या दुकानातून घेतलं. किंमत एकोणीसशे रुपये, एकच भाव. आत काय आहे? कोरियाला गेलेल्या भारतीय सैन्यासाठी १९५३ साली निघालेला बारा तिकिटांचा संच, सायप्रसने १९६६ साली थिमय्यांच्या स्मरणार्थ काढलेलं ५० मिल्सचं कोरं तिकीट, त्याच तिकिटाचं प्रथम दिवस आवरण (तिकीट निघालं त्या दिवसाचा शिक्का मारलेलं पाकीट), फील्ड मार्शल करिअप्पांवरचं आपलं १९९५ सालचं तिकीट, आणि प्रत्येकासोबत मराठीत टाइप केलेलं एक माहितीपत्र. नुसती तिकिटं धरली तर हीच चार-पाच नगं इकडून तिकडून गोळा करून थोडी स्वस्तात पडतील. तरीही मी हे पाकीट घ्या असंच सांगेन, कारण ही तिकिटं एकापुढे एक ठेवली की एका सेनापतीचं आयुष्य ज्या कामात खऱ्या अर्थाने कसाला लागलं ते काम डोळ्यांपुढे उभं राहतं. ते काम लढाईचं नव्हतं.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. नोकरीतली काही वर्षं आर्मी पोस्टल सर्विसमध्ये डेप्युटेशनवर काढली. जवानांच्या पत्रांचे गठ्ठे बांधले, मनीऑर्डरी केल्या. आमचा सातारा जिल्हा, म्हणजे घराघरात फौजी. त्यामुळे लष्करी टपालाचं तिकीट हातात आलं की त्याची किंमत कॅटलॉगमध्ये किती आहे हे मी शेवटी बघतो. हे कुठून, कोणी, कोणाला लिहिलं असेल, हे आधी मनात येतं.

दुकानाबद्दल. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. दोन माणसं आत बसली की तिसऱ्याने दारात उभं राहायचं. मालकीणबाई साठीच्या आसपासच्या असतील. सासऱ्यांनी सुरू केलेला व्यवसाय त्या चालवतात. सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचं एक वागणं मला फार आवडतं. तिकीट विकताना त्यातला दोष त्या आधी सांगतात. कोरियाचा संच त्यांनी काळ्या ट्रेवर एकेक करून मांडला, बारा आण्याचं तिकीट चिमट्याने उचललं, दिव्यासमोर धरून चांदण्यांचा वॉटरमार्क दाखवला आणि मग ते उलटं केलं. मागच्या गोंदावर कडेला नखाएवढा फिकट चौकोन होता.

"काका, इथे पूर्वी हिंज लावलेलं आहे. हा संच मी अनहिंज्ड म्हणून देत नाही. त्याचे शंभर रुपये कमी धरलेत."

हिंज म्हणजे तिकीट अल्बममध्ये चिकटवायची छोटी कागदी पट्टी; ती कधीच लावली नसेल तर तिकीट अनहिंज्ड. ताईंनी सांगितल्याशिवाय माझ्या डोळ्यांना ते दिसलं नसतं. याच संचासाठी मी आधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडे पैसे भरले होते. तिथून आलेल्या तिकिटांच्या कडेच्या दात्यांवर तपकिरी डाग पडलेले होते, दोन तिकिटांचा गोंद धुतलेला होता, आणि वर्णनात मात्र 'मिंट', म्हणजे अगदी कोरं, असं लिहिलेलं होतं. परत घ्या म्हटलं तर उत्तर नाही. तो अनुभव घेतलेल्या माणसाला या दुकानात बसणं म्हणजे काय वाटतं ते कसं सांगू. बिल हाताने लिहिलेलं, त्यावर प्रत्येक नगाची अवस्था नोंदलेली, आणि खाली 'महिन्याच्या आत परत घेऊ' अशी ओळ.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कोरियाच्या संचाकडे.

ही तिकिटं वेगळी छापलेली नाहीत. १९४९ साली पंधरा ऑगस्टला आपल्याकडे पुरातत्त्व मालिका निघाली, नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली. तीन पैचं अजिंठ्याचं, नऊ पैचं घारापुरीच्या त्रिमूर्तीचं, बारा आण्याचं सुवर्णमंदिराचं, एक रुपयाचं चितोडच्या विजयस्तंभाचं. त्याच चालू तिकिटांवर काळ्या शाईत नागरीत 'भारतीय संरक्षा कटक कोरिया' (कटक म्हणजे सैन्य) असा ठसा मारून ती फौजेबरोबर पाठवली. तीन पैपासून एक रुपयापर्यंत बारा मूल्यं. आपल्या नाशिकरोडला छापलेला अजिंठ्याचा हत्ती कोरियातल्या बर्फात एखाद्या शिपायाच्या पत्रावर बसून परत आपल्याच मुलखात आला असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

एक रुपयाचं तिकीट मी भिंगाखाली बराच वेळ बघत होतो. विजयस्तंभ, आणि त्याच्यावर या सैन्याचं नाव. हे सैन्य तिथे काहीच जिंकायला गेलेलं नव्हतं. दोन्ही बाजूंच्या मधे उभं राहून ज्यांना घरी जायचं नाही अशा कैद्यांना सांभाळायचं, एवढंच त्याचं काम होतं.

२७ जुलै १९५३ला कोरियात युद्धविराम झाला. तो वर्षभर आधीच झाला असता. अडलं होतं ते युद्धकैद्यांवरून. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे असलेल्या चिनी आणि उत्तर कोरियाई कैद्यांपैकी हजारो जण म्हणत होते, आम्हाला परत जायचं नाही. चीन आणि उत्तर कोरियाचं म्हणणं, त्यांना धमकावून तसं बोलायला लावलंय. तोडगा निघाला तो असा, की या कैद्यांना एका तटस्थ आयोगाच्या ताब्यात द्यायचं, दोन्ही बाजूंच्या लोकांनी ९० दिवसांत येऊन त्यांना समजावून सांगायचं, आणि मग ज्याने त्याने ठरवायचं. आयोगात पाच देश: स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. पहिले दोन एका बाजूला झुकणारे, पुढचे दोन दुसऱ्या. अध्यक्षपद भारताकडे. म्हणजे प्रत्येक अडलेल्या प्रश्नावर शेवटचं मत भारताचं, आणि भारताचं म्हणजे लेफ्टनंट जनरल कोडंदेरा सुबय्या थिमय्यांचं.

इथे मला पाकिटाबद्दल एक तक्रार करायची आहे. कोरियाच्या संचासोबतच्या माहितीपत्रावर 'संरक्षा कटकाचे सेनापती जनरल थिमय्या' असं टाइप केलेलं होतं. हे चूक आहे. थिमय्या आयोगाचे अध्यक्ष होते. सैन्याचे सेनापती होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. मराठी गिऱ्हाइकाला विकायच्या पाकिटात थोरातांचंच नाव नसावं हे मला सहन झालं नाही, आणि मी तिथल्या तिथे ताईंना सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. माझ्याकडून सगळं लिहून घेतलं आणि नंतर टपालाने मला दुरुस्त पत्र पाठवलं. पण मुद्दा नुसत्या नावाचा नाही. दोन माणसांची दोन कामं होती, आणि ती वेगळी समजल्याशिवाय कोरियात काय झालं तेच कळत नाही.

थोरात कुंपणापाशी होते. जवळजवळ सहा हजार भारतीय जवान त्यांच्या हाताखाली, आणि ताब्यात सुमारे २२,६०० चिनी-कोरियाई कैदी, शिवाय दुसऱ्या बाजूचे ३५९, त्यात २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा भारतावर इतका राग, की आपल्या जमिनीवर एकाही भारतीय शिपायाचा पाय पडू देणार नाही म्हणाले. मग इंचॉनच्या बंदरातून आपल्या जवानांना हेलिकॉप्टरने उचलून थेट युद्धविरामाच्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथे त्यांनी तंबू ठोकले आणि तळाला नाव दिलं हिंदनगर. कैद्यांच्या आवारांत आतल्या आत संघटना होत्या, म्होरके होते, आणि भारतीयांबद्दल भयंकर संशय. एकदा मेजर ग्रेवाल या अधिकाऱ्याला कैद्यांनी पकडून आपल्या आवारात ओढून नेलं. थोरात शस्त्र न घेता आत गेले, त्या जमावाशी बोलत राहिले आणि ग्रेवालांना बाहेर घेऊन आले. कोरियातल्या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र वर्ग दोन मिळालं, ज्याला आज कीर्तिचक्र म्हणतात. ज्या माणसाला दुसऱ्या महायुद्धात डीएसओ ही ब्रिटिशांची लष्करी पदवी मिळाली होती, त्याला पुढचं मोठं शौर्यपदक मिळालं ते गोळी न झाडल्याबद्दल. आमच्याकडच्या पोरांना हे सांगितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

थिमय्या टेबलापाशी होते. समजावून सांगण्याच्या बैठका १५ ऑक्टोबरला सुरू झाल्या आणि लगेच अडल्या. कैद्यांचे गटच्या गट तंबूत यायला नकार देऊ लागले. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया म्हणाले, त्यांना जबरदस्तीने आणा. स्वीडन आणि स्वित्झर्लंड म्हणाले, बळ वापरलंत तर आम्ही आयोगात राहणार नाही. थिमय्यांच्या हाती बंदुकाही होत्या आणि अधिकारही. त्यांनी बळ वापरलं नाही. वापरलं असतं तर शेकडो माणसं मेली असती आणि युद्धविरामही टिकला नसता. ९० दिवस संपले तेव्हा बहुतेक कैद्यांपर्यंत समजावणारे पोचलेच नव्हते.

मग सगळ्यात अवघड प्रश्न आला. उरलेल्यांचं करायचं काय? करारात पुढे राजकीय परिषद व्हायची होती, ती झालीच नाही. एक बाजू म्हणाली, मुदत संपली, त्यांना मोकळं सोडा. दुसरी म्हणाली, परिषद होईपर्यंत ताब्यातच ठेवा. थिमय्यांनी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. त्यांनी २० जानेवारी १९५४पासून कैदी ज्या बाजूकडून आले होते त्या बाजूच्या ताब्यात परत दिले आणि स्पष्ट सांगितलं, त्यांना स्वतंत्र नागरिक ठरवायचा अधिकार आयोगाला नाही. २३ जानेवारीला संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने त्यांना स्वतःच्या जबाबदारीवर सोडून दिलं. त्या निर्णयावर दोन्हीकडून टीका झाली. मला त्यात थिमय्यांची सगळी अक्कल दिसते. आपल्या अधिकाराची हद्द कुठे संपते हे ओळखून तिथे थांबणं शिपायाला कोणी शिकवत नाही. शिपायाला पुढे जायला शिकवतात.

८८ जणांना दोन्हीकडे जायचं नव्हतं. ते भारतीय फौजेबरोबर बोटीने मद्रासला आले. त्यांतले काही पुढे ब्राझील-अर्जेंटिनाला गेले, काही इथेच राहिले. त्याच वर्षी थिमय्यांना पद्मभूषण मिळालं.

हा इतिहास माहितीपत्रात चार ओळींत उरकला होता. दुरुस्त पत्रात आता पुरेसा आला आहे.

थिमय्या आणि थोरात ही जोडी कोरियात जमलेली नव्हती, हेही त्या पत्रात घालायला मी लावलं. १९४५च्या जानेवारी-फेब्रुवारीत ब्रह्मदेशात आराकान किनाऱ्यावर कांगॉची लढाई झाली. तिथे ५१व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणी भारतीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली होत्या. थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ मिळाली. भारतीय माणूस पलटण चालवू शकतो का असा प्रश्न तोवर उघडपणे विचारला जायचा. आठ वर्षांनी त्यांतले दोघे कोरियात एकमेकांच्या शब्दावर विसंबून होते, एक टेबलापाशी, एक कुंपणापाशी. एवढा विश्वास असल्याशिवाय ते काम निभलं असतं असं मला वाटत नाही.

पाकिटात थिमय्यांच्या रणांगणावरच्या कर्तबगारीचं काही नाही, आणि ते मला खटकत नाही. १ नोव्हेंबर १९४८ला झोजी लाच्या खिंडीत, अकरा हजार फुटांच्या वर, त्यांनी सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे चढवले आणि स्वतः पुढच्या रणगाड्यात बसले. द्रास आणि कारगिलचा रस्ता मोकळा झाला, लेह वाचलं. हे शाळेच्या पुस्तकांतही कुठे ना कुठे येतं. मराठीत तरी थिमय्या म्हटलं की झोजी ला, नाहीतर १९५९ साली लष्करप्रमुख असताना संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावरून दिलेला आणि नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतलेला राजीनामा. कोरिया आणि सायप्रस ओळीत कोंबून टाकतात. हे पाकीट नेमकं तेच उचलून पुढे ठेवतं.

सायप्रसचं तिकीट लहान आहे. वर थिमय्यांचा चेहरा, सोबत संयुक्त राष्ट्रांचं बोधचिन्ह, मूल्य ५० मिल्स. तेव्हा सायप्रसच्या पौंडाचे हजार मिल्स व्हायचे. सायप्रसच्या तिकिटांवर देशाचं नाव ग्रीक, तुर्की आणि इंग्रजी अशा तीन भाषांत असतं. या तिकिटावरही आहे. बेटावरचे ग्रीक आणि तुर्की एकमेकांच्या वस्त्यांत मोकळेपणाने जाऊ शकत नव्हते त्या काळात, त्याच दोन भाषांच्या खाली एका भारतीय सेनापतीचा चेहरा. ताईंनी कोरं तिकीट आणि आवरण दोन्ही दिलं ते बरं केलं, कारण आवरणावरचा शिक्का तिकिटाच्या चेहऱ्यावर थोडा आला आहे. आवरणाच्या उजव्या कोपऱ्याला बारीक घडी आहे. तीही बिलात लिहिली होती.

१९६३च्या डिसेंबरात सायप्रसमध्ये ग्रीक आणि तुर्की समाजांत रक्तपात झाला. निकोसिया शहर मधोमध चिरलं गेलं. ४ मार्च १९६४ला सुरक्षा परिषदेने ठराव करून शांतिसेना धाडली. तिचे पहिले सेनापती पी. एस. ग्यानी, भारतीयच. जुलैत थिमय्यांनी सूत्रं घेतली. ते तीन वर्षांपूर्वीच लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाले होते, वय ५८. मानाने घरी, कुर्गात राहता आलं असतं.

पहिल्याच महिन्यात कोक्किनाच्या किनाऱ्यावर पेटलं, आणि ८ आणि ९ ऑगस्टला तुर्कस्तानच्या विमानांनी बेटावर बाँब टाकले. थिमय्यांच्या हाताखाली कॅनेडियन, ब्रिटिश, आयरिश, डॅनिश, स्वीडिश, फिनिश सैनिक, प्रत्येकाच्या पाठीमागे त्याचं स्वतःचं सरकार. स्वसंरक्षणाशिवाय गोळी चालवायची नाही असा दंडक. सैन्याला मुदत तीन-तीन महिन्यांची मिळायची. दर तिमाहीला पुन्हा सुरक्षा परिषदेपुढे जायचं. अशा सैन्याने लढायचं नाही, पण दोन लढणाऱ्यांच्या मधे मात्र उभं राहायचं.

मी सायप्रसबद्दल जे वाचलंय त्यात थिमय्यांचं सगळ्यात मोठं काम मला अगदी रोजच्या गोष्टींत दिसतं. सायप्रस सरकारने तुर्की वस्त्यांत सिमेंट, टायर, बॅटऱ्या न्यायला बंदी घातली होती, लष्करी कामाला येतील म्हणून. पण सिमेंट नाही म्हणजे पडलेलं घर बांधता येत नाही, आणि टायर नाही म्हणजे ट्रक उभा. शांतिसेनेचे अधिकारी एकेका मालावर वाटाघाटी करून ते आत नेत होते. दुसरा पेच तुर्कस्तानच्या तिथल्या तुकडीचा. तह असल्यामुळे तिचे सैनिक ठराविक काळाने बदलायचे, आणि सायप्रसचे अध्यक्ष मकारिओस यांचं सरकार त्यांना बंदरातून पुढे जाऊ द्यायला तयार नाही. १९६४च्या ऑक्टोबरात तडजोड झाली. सैनिकांची अदलाबदल होऊ द्यायची, आणि निकोसिया-किरेनिया रस्ता शांतिसेनेच्या ताब्यात द्यायचा. एका रस्त्याचा ताबा तिसऱ्याकडे गेला आणि दोन्ही बाजूंना आपलं नाक कापलं गेल्यासारखं वाटलं नाही. गावात बांधावरून भाऊबंदकी पेटली की पंच असंच करतात, वादाचा बांध काही दिवस स्वतःच्या नजरेखाली घेतात.

१८ डिसेंबर १९६५ला निकोसियात काम करत असतानाच थिमय्यांचं हृदयविकाराने निधन झालं. लार्नाका शहरातल्या एका मोठ्या रस्त्याला आजही त्यांचं नाव आहे. आणि मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आसपास हे तिकीट. लढाई जिंकून दिली म्हणून परक्या सेनापतीचे पुतळे उभारणारे देश पुष्कळ आहेत. लढाई होऊ दिली नाही म्हणून तिकीट काढणारा देश मला दुसरा माहीत नाही.

करिअप्पांचं तिकीट मात्र या पाकिटात नीट बसलेलं नाही. १९९५चं आहे, छपाई स्वच्छ, पण माहितीपत्रावर 'पहिले भारतीय लष्करप्रमुख' यापलीकडे काही नाही. थिमय्यांसोबत करिअप्पा ठेवायचे तर कारण सांगायला हवं, आणि कारण भक्कम आहे. दोघेही कोडगूचे. करिअप्पा १९५३ला निवृत्त झाले आणि लगेच ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला भारताचे उच्चायुक्त म्हणून गेले, १९५६पर्यंत राहिले. पुढे हा रिवाजच पडला. प्राणनाथ थापर अफगाणिस्तानात, जयंतनाथ चौधरी कॅनडात, आणि आपले गोपाळ गुरुनाथ बेवूर लष्करप्रमुख म्हणून उतरल्यावर डेन्मार्कला राजदूत. या नेमणुकांत मानाचा भाग होता, आणि काही वेळा माणसाला दिल्लीपासून लांब ठेवण्याचाही असावा असं मला वाटतं. थिमय्यांचं वेगळेपण इथेच आहे. ते कधी कुठे राजदूत नव्हते, त्यांच्या दाराशी झेंड्याची गाडी नव्हती. पण दोन वेळा जगाने त्यांना अशा जागी उभं केलं, जिथे मुत्सद्दी थकले होते. करिअप्पांच्या पत्रावर एवढं आलं तर ते तिकीट पाकिटात शोभेल. ताईंना हेही सांगून आलोय.

आणखी एक मागणी. आपल्या फौजा बाहेर गेल्या तेव्हा निघालेली ओव्हरप्रिंट, म्हणजे चालू तिकिटांवर ठसा मारलेली, तिकिटं याच रांगेतली आहेत. १९५४ला कंबोज, लाओस आणि व्हिएतनामच्या आयोगांसाठी प्रत्येकी पाच-पाच, १९६२ला काँगोसाठी, १९६५ला गाझासाठी नेहरूंच्या तिकिटावर. गाझाचं तिकीट तर अगदी स्वस्त मिळतं. दोन-तीनशे रुपयांनी किंमत वाढली तरी चालेल, पण ही घातली तर कोरियाचा संच सुटा, एकटा वाटणार नाही. शेवटी सायप्रसला १९६९ ते १९७६ दिवाण प्रेमचंद होते, तिसरे भारतीय सेनापती. एक ओळ त्यांचीही हवी.

सातारा तालुक्यातल्या एका शाळेत मी ही तिकिटं मांडून दाखवतो. तिथल्या अर्ध्याअधिक पोरांच्या घरी कोणी ना कोणी फौजेत आहे. झोजी लाच्या रणगाड्यांवर त्यांचे डोळे लकाकतात, ते ठीकच आहे. पण मी त्यांना भिंग देऊन आधी विजयस्तंभाच्या तिकिटावरचा ठसा वाचायला लावतो आणि मग ग्रेवालांना सोडवायला आत गेलेल्या थोरातांची गोष्ट सांगतो. एक मुलगी म्हणाली, "आत गेल्यावर मारलं असतं तर?" माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. थोरातांकडेही आत जाताना नसणार.

सेवेबद्दल थोडं. दुकान दुपारी एक ते चार बंद. फोनवर भाव सांगत नाहीत, तिकीट बघून घ्या म्हणतात. लांबून येणाऱ्याला हे गैरसोयीचं आहे आणि त्यांनी निदान फोटो पाठवावेत असं माझं मत आहे. पॅकिंग उत्तम. प्रत्येक तिकीट ग्लासीनच्या (गुळगुळीत, पातळ कागदाच्या) पाकिटात, मधे पुठ्ठा, आणि रजिस्टर्ड टपाल होतं तोवर, म्हणजे २०२५पर्यंत, त्यानेच पाठवायच्या. आवरण जरा महाग लावलं आहे, कोपऱ्याची घडी धरता पन्नास रुपये कमी हवे होते. स्वतःचा चिमटा आणि भिंग न्या. पावसाळ्यात तिकिटं घरी आणल्यावर एक दिवस बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, मगच अल्बममध्ये लावा, नाहीतर गोंदावर डाग धरतात. आणि पाकीट घेताना कोरियाचं माहितीपत्र नवं आहे ना, हे उघडून बघा. नव्या पत्रावर पहिल्याच ओळीत थोरातांचं नाव आहे.